किपोनच्या आईचं वाक्य

शेकोटीत आणखी एक ओंडका सारा. आणि हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या पोरांनो, नंतर हसू येणार नाही. ऐकीव गोष्ट नाही ही. माझ्या सख्ख्या मेहुण्यावर, किपोनवर बेतलेली.

किपोनची आई शेवटच्या वर्षी मसाई भाषा विसरली. जन्मभर पोरांशी मसाईच बोलली होती ती. का? तर गुरंवाले मसाई आपल्याला, जंगलात मध काढणाऱ्या याकू लोकांना, ‘मधखाऊ’ म्हणून चिडवायचे, ते पोरांच्या वाट्याला नको. म्हातारपणी डोक्यात उरली ती फक्त लहानपणची याकू बोली. एकच वाक्य दिवसभर म्हणायची. किपोन पाणी द्यायचा, चहा द्यायचा, पांघरूण घालायचा. ती नाही म्हणून मान हलवायची. काय मागत होती ते कळलंच नाही, आणि ती गेली. किपोनच्या जिवाला फार लागलं ते.

पुरल्यानंतर तेच वाक्य रात्री दाराबाहेरून यायला लागलं.

आमच्या भागात याकू येणारा एकच माणूस उरला होता, जंगलापलीकडचा लेरिमान म्हातारा. गेल्या ऑगस्टात, डोलडोलचा बाजार उठला त्या अमावास्येच्या रात्री किपोन त्याच्याकडे अर्थ विचारायला निघाला. वाक्य तोंडपाठ झालंच होतं.

“उजाडल्यावर जा की,” बायको म्हणाली.

“आणखी एक रात्र ऐकवणार नाही गं मला.”

अर्ध्या वाटेवर, बॅटरीच्या उजेडात, खडकावर लेरिमानच बसलेला.

“आजोबा, तुम्ही इथं?”

“तुझीच वाट बघतोय, मधखाऊच्या पोरा! गुरं मिळाली आणि आईची बोली घालवलीस होय रे? बोल, काय म्हणायची ती?”

किपोनने वाक्य म्हटलं.

म्हाताऱ्याचं हसू गेलं. डोळे भरून आले. मग त्याने याकूत उत्तर दिलं… पण किपोनला नाही. त्याच्या खांद्यावरून, मागे बघत.

आणि मागून… आईचा आवाज.

किपोनला वळवेना.

ती बोलली. तो बोलला. मग ती हसली… शेवटच्या वर्षात एकदाही हसली नव्हती.

“आजोबा… काय मागतेय ती?”

कुणी लक्षच दिलं नाही. दोघांच्या गप्पा रंगल्या होत्या. हा मधे उभा, परक्यासारखा.

“आई… मला सांग ना गं…”

दोन्ही आवाज एकदम तुटले.

त्याने बॅटरी पुन्हा खडकावर मारली. खडक रिकामा.

धावतच त्याने लेरिमानचं घर गाठलं. अंगणात बायका रडत होत्या. म्हातारा दुपारीच गेला होता. आत चटईवर झाकून ठेवला होता.

उशाशी एक लाकडी पेला. ताज्या मधाने ओला.

“हा कुणी ठेवला?”

“आमचा नाही तो,” लेरिमानची सून म्हणाली. “आत्ता बघतेय मी.”

किपोनने पेला उचलला. कडेला बारीक दातांच्या खुणा. त्याच्याच, दुधाच्या दातांच्या. तो पेला त्याने स्वतः आईच्या हातात देऊन, वर माती लोटली होती.