अभ्यंगाचं तेल

मंगळावरच्या त्या भुयारी वसाहतीत हवा मुद्दाम कोरडी ठेवत. जरा दमट झाली, की बाष्प हवाशुद्धी यंत्रात गोठायचं आणि सगळ्यांच्या श्वासाची पंचाईत. मग कातडीचं काय व्हायचं ते होवो! थंडी आणि कोरड, दोन्हींनी मिळून माणसांचे ओठ असे फुटले, की हसायची चोरी झाली. त्यावर वसुधा ओगले यांनी तोडगा काढला, ओलकवच. जीवाणूंचा पातळ, जिवंत लेप. मिळेल तिथून पाणी ओढायचं आणि कातडीत धरून ठेवायचं, एवढंच त्याला ठाऊक. वर्षभरात अकरा जणांचे गाल बाळासारखे झाले. तुलनेसाठी एक माणूस लेपाविना राहायला हवा होता. तो मान वसुधाताईंनी स्वतःकडे घेतला, आणि त्यांच्या हातांवर भेगाच भेगा पडल्या.

"हौस दांडगी," त्यांचा धाकटा भाऊ श्रीपाद चिडवायचा. तो तिथेच बर्फ खणणारी यंत्रं सांभाळायचा. "जगाला मलम, आणि स्वतःच्या हातांच्या चिंध्या!"

दिवाळी आली. वसुधाताईंनी जपून ठेवलेली खोबरेलाची बाटली काढली. अंघोळीपुरतं पाणी नव्हतं, पण तेल तरी लागलंच पाहिजे! आईमागे त्यांनीच वाढवलेला भाऊ. पाट नाही म्हणून खोक्यावर बसवला आणि डोक्यापासून पायांपर्यंत चोळला. मग बाकीचेही हसत रांगेत उभे राहिले. नाही कोण म्हणणार? लेपावर तेल चालतं का, हे प्रयोगशाळेत कधी तपासलंच नव्हतं. सणाच्या दिवशी असलं काही सुचतं होय?

आठवड्याभरात श्रीपादने अंथरूण धरलं. तहान भागेना, लघवी बंद, जीभ लाकडासारखी. आणि कातडीवर मात्र नवरदेवाचं तेज!

"शिरेतून पाणी देतेय, पण सगळं कातडीच पितेय," डॉक्टर देवयानी मिरजकर म्हणाल्या.

वसुधाताईंनी सूक्ष्मदर्शकावरून मान वर केली. त्यांचा चेहरा उतरला होता. "तेल खाऊन माजलेत ते जीवाणू. एवढ्यांना हवेतलं बाष्प कुठून पुरणार? आता रक्तातून ओढतायत."

"मग मारून टाकू. औषध आहे ना?"

"वरचे मरतील. केसांच्या मुळाशी वर्षभर मुरलेले उरतील. शिवाय लेपाच्या भरवशावर कातडीने स्वतःचा ओशटपणा तयार करणंच सोडलंय. लेप काढला तर ती उलेल आणि पाणी भसाभसा उडून जाईल. झाकायला तेल लावावं, तर उरलेल्यांना पुन्हा जेवण."

देवयानींनी स्वतःच्या तुकतुकीत मनगटाकडे पाहिलं. "म्हणजे आम्ही अकराही जण गेलोच."

पृथ्वीवरून यान यायला अजून कितीतरी महिने होते.

वसुधाताई भावाच्या उशाशी बसून राहिल्या. ओला बोळा त्याच्या ओठांना लावायच्या, अंगावरून हात फिरवायच्या. एका सकाळी त्याने तो हात धरला.

"ताई, हात मऊ लागतोय गं तुझा."

त्यांनी तळवे उघडून पाहिले. भेगा बुजल्या होत्या. क्षणभर, खरंच क्षणभर, त्यांना बरं वाटलं. मग घशाला कोरड पडल्याचं जाणवलं.

"बरं झालं," त्या म्हणाल्या. "सुटले. मीही तुमच्याबरोबरच."

"छे! तुला औषध लागू पडेल. तुझ्यात ते मुरलेले नाहीत, आणि तुझी कातडी आपलं काम विसरलेली नाही. लाव ते."

"आणि एकटी राहून काय करू रे, मेल्या?" त्यांना रडू फुटलं.

"यानातले लोक येतील ना. आम्ही मेल्यावरही असेच ताजेतवाने दिसू. झोपलेत वाटून ते हलवून उठवायला जातील. शिवू नका, हे सांगायला कुणीतरी नको का? माझी शपथ आहे, ताई."

वसुधाताईंनी औषध लावलं. संध्याकाळी अंगठ्यापाशी पहिली भेग उलली आणि रक्त आलं. श्रीपादने ते पाहिलं, मान हलवली आणि डोळे मिटून घेतले.

मग त्यांनी रबरी हातमोजे चढवले आणि त्याच्या गालावरून हात फिरवला. गाल किती मऊ आहे, ते काही त्यांना कळलं नाही.