कच्चा भोपळा आणि बहिरं यंत्र

"मला काहीच ऐकू येत नाही," टिचकी म्हणाली.

शिरीनच्या हातातला चहाचा कप तिरका झाला. लॅपटॉप तासाभरापूर्वी खोक्यातून काढलेला, नवा कोरा. पडदा लखलखीत. टिचकीचा हात हलत होता, तोंड बोलत होतं. मग कान कुठे गेले?

"टिचकी! ए टिचकी!" शिरीन तिच्या तोंडाशी जाऊन ओरडली.

"कुणी बोलत असेल तर कृपया टाइप करा," टिचकी शांतपणे म्हणाली. "मला काहीच ऐकू येत नाही."

ही गोष्ट २०४१ सालची, मिरजेतल्या एका सतारीच्या कारखान्यातली. शिरीन सातवीत होती. तिचे दादाजी, म्हणजे बाबालाल सतारमेकर, पन्नास वर्षं सतारी करत आले होते. सतारीचा खालचा गोल भाग असतो तो भोपळ्याचा. खायचा नव्हे, जाड सालीचा कडू भोपळा. त्याच्यावर टिचकी मारून, आवाज ऐकूनच तो निवडतात. साल कुठे पातळ आहे, आत चीर आहे का, हे दादाजी एका टिचकीत सांगायचे. पण रंध्याच्या मशीनजवळ आयुष्य गेलं आणि कान गेले. कान पुरते जायच्या आधी सहा वर्षं त्यांनी एका रोबोला (सांगितलेलं काम स्वतः करणाऱ्या यंत्राला) शिकवलं. आधी ते टिचकी मारायचे, मग रोबो मारायचा. "हा चांगला." "हा टाकाऊ." असे हजारो भोपळे. त्या रोबोचंच नाव टिचकी पडलं. अंगानं कोंबडीएवढी, एक हात, आणि मनगटावर चिकटवलेला माइक हा तिचा कान. डोकं मात्र अंगात नव्हतं, ते लॅपटॉपमध्ये चालायचं. माइकची वायरही लॅपटॉपच्याच गोल भोकात जायची.

जुन्या लॅपटॉपचा बोर्ड जळाला. टिचकीचं सहा वर्षांचं शिक्षण शिरीननं एका पेन-ड्राइव्हवर जपून ठेवलं होतं, म्हणून ते वाचलं. आणि सोमवारी भीमाकाठचे भोपळे येणार होते. ते वर्षातून एकदाच येतात, आणि त्याच दिवशी निवडावे लागतात. निवड चुकली की त्या वर्षीच्या सगळ्या सतारी मुक्या. आज शनिवार होता.

लॅपटॉप दादाजींनी निवडला होता. कसा? त्यांच्या घरात कुठलीही वस्तू घेतात तसा. डोळे मिटले, झाकणावर हात फिरवला, दोन टिचक्या मारल्या, बोटांना थरथर जाणवली आणि म्हणाले, "अंग चांगलं आहे. हाच दे."

दुकानदार रणदिवे खूश. "चाचा, नजर आहे तुमची! एकदम लेटेस्ट. याच महिन्यात आलंय."

घरी येऊन चालू केला, तर पडद्यावर पाटी आली: 'या यंत्राने ऐकलेला प्रत्येक आवाज कंपनीकडे जमा होईल.' खाली एकच बटण. मान्य.

"अमान्य कुठंय?" शिरीननं पडदा वरखाली केला. नव्हतंच.

ती थक्क झाली. दादाजींचे कान सहा वर्षं घासून टिचकीत उतरवले, ते उचलून कुणा अनोळखी कंपनीला द्यायचे? वस्तू आमची, आवाज आमचा आणि परवानगी त्यांची? याला धंदा म्हणत नाहीत, दांडगाई म्हणतात. मुलांनो, असं बटण समोर आलं की राग यायलाच हवा. ज्याला येत नाही त्याला मोठ्यांनी बिघडवलंय.

शिरीननं ते बटण दाबलं नाही. टिचकी पहिल्यापासून लिनक्सवर चालायची. लिनक्स ही संगणकाचं सगळं कामकाज चालवणारी प्रणाली (ऑपरेटिंग सिस्टीम) आहे. जगभरच्या माणसांनी मिळून ती लिहिली आहे. ती कुणीही उघडून वाचावी, बदलावी, वाटावी. पेन-ड्राइव्हवर लिनक्सही होतं. शिरीननं तो खुपसला आणि यंत्र त्यावरूनच सुरू केलं. लॅपटॉपच्या आत जे होतं ते तसंच राहिलं.

आणि टिचकी बहिरी निघाली.

दादाजींना हे पाटीवर लिहून दाखवावं लागलं. त्यांनी वाचलं आणि हसले. "बरं झालं. मी एकटाच होतो. आता घरात दोघं."

"हसू नका हो दादाजी! परवा भोपळे येतायत!"

"काय?"

शिरीननं कपाळावर हात मारला आणि कीबोर्ड ओढला. तिनं टाइप केलं: टिचकी, तुझे कान कुठे गेले?

"लॉग वाचते," टिचकी मोठ्यानं म्हणाली. लॉग म्हणजे यंत्र सुरू होताना स्वतःच लिहितं ती डायरी. "डायरीत आहे: ध्वनीचा भाग सापडला. ओळख अर्धीच पटली. ऐकण्यासाठी ड्रायव्हर नाही."

शिरीननं पुन्हा टाइप केलं: ड्रायव्हर म्हणजे काय?

"लॅपटॉप ही एक वस्तू नाही, शिरीन. तो खूप भागांचा मोहल्ला आहे. आवाजाचा भाग, वाय-फायचा भाग, चित्राचा भाग. प्रत्येकाची बोली वेगळी. लिनक्सला प्रत्येकासाठी एक दुभाष्या लागतो. तो ड्रायव्हर. इथं वाय-फायचा दुभाष्या आहे. ध्वनीचा अर्धाच आहे. बोलायचं कळतं, ऐकायचं नाही."

मग ती बोली शिकून घे ना!

"बनवणाऱ्यांनी बोलीचं पुस्तक द्यायला हवं. त्यांनी दिलेलं नाही. त्यांच्या स्वतःच्या प्रणालीला दिलंय. बाकीच्यांपासून लपवलंय."

शिरीननं कीबोर्ड दूर ढकलला. लपवलंय? विकत घेतलेल्या वस्तूशी कसं बोलायचं हेच लपवलंय?

"पण लोक गप्प नाहीत," टिचकी नेटवर शोधून पुढे म्हणाली. "या भागाला प्रश्न विचारून, उत्तरं टिपून, एक बाई हा ड्रायव्हर लिहितायत. नाव फिलोमिना. हा भाग बाजारात येऊन महिनाही झाला नाही. त्यांना अजून वेळ लागेल."

शिरीननं बाहेरून जोडायची आवाजाची डबी लावून बघितली. आवाज आला, पण उशिरा आणि खरखरत. चांगल्या भोपळ्यालाही टिचकी 'टाकाऊ' म्हणाली. असला खरखरता कान दादाजींचा नव्हे.

तिनं सगळं पाटीवर लिहिलं. दादाजी सावकाश वाचत गेले. 'महिनाही झाला नाही' इथं त्यांचं बोट थांबलं. त्यांनी वर माळ्याकडे बघितलं. तिथं भोपळे टांगले होते आणि प्रत्येकावर खडूनं तो आला ते साल लिहिलेलं होतं.

"पोरी, यंदाचा भोपळा आपण यंदा सतारीला लावतो का?"

शिरीननं मान हलवली. नाही. हे तर मिरजेतलं शेंबडं पोरही सांगेल. ताजा भोपळा वरून सुरेख दिसतो, पण आत कच्चा असतो. वर्षभर वाळू द्यायचा, मग हात लावायचा.

"आणि मी काय केलं? यंदाचा उचलून आणला. पन्नास वर्षं दुसऱ्यांना शहाणपण शिकवतोय, आणि दुकानात जाऊन खोक्याला भुललो." त्यांनी स्वतःच्याच डोक्यावर टिचकी मारली. "हा टाकाऊ!"

रविवारी दुकान उघडताच दोघं हजर. टिचकी भोपळे वाहायच्या हाऱ्यात बसलेली. शिरीननं लॅपटॉप काउंटरवर ठेवला आणि काय झालं ते सांगितलं.

"लिनक्स टाकलंत?" रणदिव्यांचा आवाज चढला. "मग वॉरंटी संपली. परत घेणार नाही. बाळ, ही खेळणी नव्हेत."

"कागदावर कुठं लिहिलंय ते दाखवा," शिरीन म्हणाली. "आणि मी काही टाकलेलंच नाही. पेन-ड्राइव्हवरून चालवलं. आत तुमची 'मान्य'ची पाटी अजून तशीच बसलीय. बघा उघडून."

रणदिव्यांनी उघडलं. पाटी तशीच होती. ते कागद चाळत राहिले आणि त्यांना काही सापडलं नाही.

"बदलून देतो," ते पुटपुटले. "पण आता काय ठोकून बघणार?"

"टिचकीच ठोकेल. बाहेरून नाही, आतून," शिरीन म्हणाली आणि पेन-ड्राइव्ह पुढे केला.

जगभरच्या लोकांनी आपापले लॅपटॉप लिनक्सवर तपासून एक यादी केली होती. त्या यादीत चांगलं नाव असलेला लॅपटॉप शिरीननं आधी मागितला. सुरू केला. टिचकी लगेच म्हणाली, "वाय-फाय नाही. यादीतल्या मशीनमध्ये वेगळा भाग होता. नाव तेच ठेवलंय, आतला भाग बदललाय."

"न सांगता?" शिरीन ओरडली.

तिनं खोकं उलटंपालटं करून बघितलं. "खोक्यावरही लिहिलेलं नाही."

"मला तरी कुठं माहीत होतं?" रणदिवे म्हणाले. त्यांचा चेहरा खरंच उतरला होता. "मी तर नावावरच विकतो."

नाव वाचून काही कळत नाही. आतला भाग तपासावा लागतो, आणि तोही घेण्याआधी.

"मागच्या वर्षीचं काही आहे?" दादाजींनी विचारलं.

"चाचा, एक आहे खाली. धूळ खातंय. कुणी बघतही नाही त्याच्याकडे."

शिरीननं ते पाटीवर लिहून दाखवलं. "आमच्याकडे धूळ खाल्लेलाच माल चांगला असतो," दादाजी म्हणाले.

मशीन काउंटरवर आलं. जाडजूड, दिसायला अगदी साधं. शिरीननं पेन-ड्राइव्ह खुपसला. वाय-फाय लागलं. झाकण मिटलं, यंत्र झोपलं. उघडलं, जागं झालं. शेवटी तिनं टिचकीची वायर गोल भोकात घातली.

शिरीन माइकजवळ वाकली.

कीबोर्डकडे तिचा हात गेलाच नाही. ती हळूच म्हणाली, "टिचकी?"

"ओरडू नकोस," टिचकी म्हणाली. "तुमच्या छताचा पंखा घासतोय, रणदिवेकाका. एका पात्याचा स्क्रू ढिला आहे."

शिरीन रडायलाच लागली. दादाजींना शब्द ऐकू आले नाहीत, पण रणदिवे तोंड उघडं टाकून पंख्याकडे बघताना दिसले. दादाजींनी लॅपटॉप उलटा केला, खिशातून खडू काढला आणि खाली साल लिहिलं: २०४०.

सोमवारी भोपळे आले. टिचकी टिचकी मारत गेली आणि दादाजी तिनं निवडलेल्या प्रत्येक भोपळ्यावर तळहात ठेवत गेले. एकाही भोपळ्याला त्यांनी मान हलवून नकार दिला नाही.

संध्याकाळी शिरीननं यादीत तीन नोंदी केल्या. एक चालतो. एकाच्या आतला भाग बदललाय, सावध राहा. आणि एक अजून कच्चा आहे. तो दुकानातच आहे, आणि दर महिन्याला पेन-ड्राइव्ह लावून बघायची परवानगी रणदिव्यांनी दिली आहे. मग तिनं फिलोमिनाबाईंना पत्र लिहिलं:

'तुमचा ड्रायव्हर पुरा झाला नाही तरी पाठवत जा. आमच्याकडे एक यंत्र आहे, त्याचा कान चांगला आहे. तुम्ही लिहा, आम्ही ठोकून बघतो.'