दुसऱ्या लाइनवरचा भार

ताईच्या पत्राला निरीक्षकांनी उत्तर दिलं नव्हतं. पत्र लहानच होतं. 'जावईबापू म्हणतात, मी एकच लाइन बंद केली. साहेब म्हणतात, दोन्ही केल्या. पोलीस रोज दारात. लेक रडून अर्धी झाली. भाऊ, तू जन्मभर विजेच्या तारा तपासल्यास. तुला काय वाटतं?'

वाटण्यावर निरीक्षकांचा विश्वास नव्हता, म्हणून ते गप्प राहिले. पण पुढे विमा कंपनीनंच त्यांना निवृत्तीतून उठवलं आणि जावई कामाला होता त्याच सर्व्हरच्या इमारतीत धाडलं. संचालकांच्या केबिनमध्ये बसण्याआधीच त्यांनी सांगून टाकलं, "तुमचा वायरमन माझ्या भाचीचा नवरा. हरकत असेल तर आत्ताच बोला."

"छे हो! उलट बरंच," संचालक म्हणाले. "घरच्याच माणसानं दोषी ठरवलं, की कुणाला ओरडायला जागा नाही."

केबिन गारेगार होती. भिंतीला काचेचं रिकामं कपाट होतं. ऊर्जाबचतीचा चषक अजून मिळायचा होता. आत दिवे मात्र आधीच लागले होते. बाजारात तुरी!

कपाटाशेजारी चषकाचा शिल्पकार उभा होता. ऊर्जा सल्लागार. तुकतुकीत चेहरा, त्याहून तुकतुकीत बूट.

घडलं होतं ते एवढंच. प्रत्येक सर्व्हरला विजेच्या दोन लाइन. एक दुरुस्तीला बंद केली, की सगळा भार दुसरीनं पेलायचा. त्या दुपारी वायरमननं पहिली लाइन बंद केली आणि दुसरीही गेली. कितीतरी रुग्णालयांची कागदपत्रं पडद्यावरून नाहीशी झाली. शस्त्रक्रियेच्या टेबलावर घेतलेले रुग्ण परत खाटेवर गेले.

"परवानगी कुणाची?" निरीक्षकांनी विचारलं.

"माझी. सही माझीच."

"सल्लागार कुठे होते?"

"परगावी, भाषणाला. पण माणूस बघा! बातमी कळताच पहिला फोन यांचा. आणि पहिला प्रश्न काय? 'साहेब, तुमची केबिन थंड होती ना?' अशा वेळीसुद्धा माझी काळजी!"

सल्लागार बुटांकडे बघत राहिला. संचालकांना त्यात विनय दिसला. त्यांना बरंच काही दिसत असे.

"बचत मोजता कशी?"

सल्लागाराला कंठ फुटला. "इमारतीत शंभर युनिट शिरले, तर सर्व्हरपर्यंत किती पोचतात? परीक्षक तेवढंच बघतात. पूर्वी इथं सत्तर होते. आता नव्वद."

"उरलेले?"

"एसी, दिवे, लिफ्ट. वायफळ खर्च."

"तो कमी कसा केलात?"

"शिस्तीनं."

उथळ पाण्याला खळखळाट फार, असं मनाशी म्हणत निरीक्षक खाली गेले. वायरमन मीटरखोलीच्या दाराशी उभा होता. दाढी वाढलेली.

"मामा, मी खरंच—"

"इथं मामा नाही. बंद करण्याआधी काय बघितलंस?"

"दोन्ही लाइनींचे मीटर. बेरीज केली. दुसरी लाइन आरामात पेलणार होती."

"कधी बघितलंस?"

"सकाळी, आल्या आल्या."

"आणि बंद केलीस दुपारी?"

"सही मिळायला उशीर झाला. साहेब जेवत होते."

"मधल्या वेळात नवे सर्व्हर जोडले?"

"एकही नाही. यांचं काम रात्रंदिवस सारखंच असतं."

मीटरखोलीतल्या पडद्याची किल्ली सल्लागाराकडेच असे. ती मागवून निरीक्षकांनी दुसऱ्या लाइनचा आलेख उघडला. रात्री सपाट मैदान. दुपारी टेकडी. रोज. ते बराच वेळ त्या टेकडीकडे बघत बसले. मग वर येऊन म्हणाले, "बाहेरून येणारी वीज तोडा. जनरेटर लगेच लावू नका."

"अहो, सर्व्हर!" संचालक ओरडले.

"बॅटरीवर चालतील. बॅटऱ्या शोभेला नाहीत ना ठेवल्या?"

"याची काही गरज नाही," सल्लागार घाईनं म्हणाला. तुकतुकी जरा उतरली होती.

वीज तोडली. लिफ्ट थांबली. बाहेरच्या खोलीतला पंखा मंदावला. केबिनचा दिवा विझला.

एसी मात्र गार वारा सोडत राहिला.

"बॅटरीवर फक्त सर्व्हर चालतात ना?" निरीक्षकांनी शांतपणे विचारलं. "मग हा कोणत्या जातीचा सर्व्हर?"

त्यांनी तळहात एसीच्या वाऱ्यात धरला.

"सर्व्हरना ऊन लागत नाही. त्यांचा भार दुपारी चढायचं कारण नाही. चढतो तो एसीचा. यांनी कचेरीतले एसी गुपचूप सर्व्हरच्या दुसऱ्या लाइनवर जोडले. मीटरला वाटलं, सर्व्हरच वीज खातायत. सत्तरचे नव्वद झाले. वाचला एक युनिटही नाही. त्या दिवशी सकाळी गारवा होता, बेरीज बसली. दुपारी एसी जोरात चालू लागले, पहिली लाइन बंद झाली, सगळा बोजा दुसरीवर पडला. ती बॅटरीच्या पुढेच आपोआप तुटली, म्हणून बॅटरीही कामी आली नाही. वायरमननं हात लावायची गरजच नव्हती."

"साहेबांना सगळं ठाऊक होतं!" सल्लागार किंचाळला.

संचालकांचा जबडा लोंबला.

"नव्हतं," निरीक्षक म्हणाले. "असतं तर सही करण्याआधी त्यांनी एसी बंद केला असता. एवढी अक्कल त्यांना आहे, असं धरून चालू. एसी चालू होता का, याची धास्ती एकालाच होती. म्हणून तर फोनवर पहिला प्रश्न तो. संचालकसाहेब, ती चौकशी तुमची नव्हती. तुमच्या एसीची होती."

"सगळेच करतात असं," सल्लागार पुटपुटला. "मी नाही तर दुसऱ्यानं केलं असतं."

"पण तुरुंगात वायरमननं जायचं. चोर सोडून संन्याशाला फाशी."

संचालकांनी घाम पुसला. "मग आमचा विमा?"

"विमा अपघाताचा असतो. गाढवपणाचा अजून कुणी काढलेला नाही."

अहवाल त्यांनी स्वतः पोलीस ठाण्यात नेऊन दिला आणि सल्लागाराला उचलल्याची खात्री करूनच बाहेर पडले. वायरमन फाटकापाशी थांबला होता. टपाल कचेरीपर्यंत तो बरोबर चालला. तिथल्या बाकावर निरीक्षकांनी चार ओळी खरडल्या. 'ताई, एकच लाइन. जावई खरं बोलले. मला वाटतं असं नाही, मी बघून आलो. लेकीला सांग, डोळे पूस.'

"मामा, फोन केला असता तर आत्ताच कळलं असतं."

"तो तू कर. मला पत्र आलं होतं."

आणि त्यांनी पाकीट पेटीत टाकलं.