लखीरामचा हॉटस्पॉट

मानोऱ्यात माझं ऑनलाइन सेंटर आहे. एक कॉम्प्युटर, एक वायफाय प्रिंटर आणि गिऱ्हाइकांसाठी लाकडी बाक. सुताराने बाकाचे पाय पार आत बसवलेत. एकटं माणूस टोकाला बसलं की दुसरं टोक उचलतं आणि बसणारा खाली. म्हणून आलेल्याला मी आधी ओरडते, "मधात बसा!" तरी महिन्याला एखादा आपटतोच.

त्या दुपारी तांड्यावरून रुपाबाई आल्या आणि शहाण्यासारख्या मधोमध बसल्या. त्यांचा नवरा लखीराम सात वर्षांपूर्वी ऊसतोडीला गेला, तो परतला नाही. आता दीर बादल राहतं घर आपल्या नावावर करायला निघाला होता. बायको म्हणून वारसाहक्काने घर वाचवायचं तर 'पती सात वर्षं बेपत्ता, मयत समजावे' अशा प्रतिज्ञापत्रावर सही करून ते चारच्या आत वकिलाकडे द्यायचं होतं. वकिलाने मजकूर मेलवर पाठवला होता. फक्त छापायचं काम.

नेमका तीन वाजता प्रिंटर रुसला.

"काय झालं वं पोरी?"

"नेटले जुडून नाही राह्यला, मावशी. दोन मिनिटं."

मी राउटर बंद-चालू केला. प्रिंटर बंद-चालू केला, उचलून राउटरशेजारी ठेवला. केबल उंदरांनी कुरतडली होती, नाहीतर एवढी मिनतवारी केलीच नसती. शेवटी प्रिंटरवरचं बटण दाबून नेटवर्कचा रिपोर्ट काढला, तो नेटशिवायही निघतो. प्रिंटर माझं वायफाय सोडून भलत्याच हॉटस्पॉटला जोडला गेला होता.

नाव: लखीराम. सिग्नल: चौदा टक्के.

मला आठवलं. तो तोडीला निघाला त्या दिवशी माझं नेट गेलं होतं. टोळीची आधार कार्डं छापायला त्यानेच आपल्या मोबाइलचा हॉटस्पॉट दिला होता. पासवर्ड रुपाबाईंचं नाव. सांगताना केवढा लाजला होता! प्रिंटरने ते लक्षात ठेवलं असणार, इतकंच. माझा भुताखेतांवर विश्वास नाही, बिघाडावर आहे. त्याच नावाचं दुसरं कोणी असेल म्हणून बाहेर डोकावले. उन्हात रस्ता रिकामा होता. आणि दुसरं कोणी असलं, तरी पासवर्डही तोच?

ते नाव मी प्रिंटरमधून पुसलं. पुन्हा रिपोर्ट काढला.

लखीराम. अठ्ठेचाळीस टक्के.

खरं सांगते, मी घाबरले.

"काय लिहून हाये त्याच्यात?" रुपाबाईंनी विचारलं. त्यांना वाचता येत नव्हतं. खोटं सुचेना, म्हणून सांगून टाकलं.

त्या कागदाकडे बघत राहिल्या. "टक्के वाढले म्हंजे?"

"म्हंजे फोन जवळ आला."

साडेतीन झाले. मी प्रिंटरची पिन उपसली, पुन्हा लावली. बटण दाबायच्या आत कागद बाहेर सरकला.

शहाण्णव.

"आता?"

"आता... अठीसाच. या खोलीत."

दाराचा पडदा हलला नाही. कोणी आलं नाही.

रुपाबाईंनी पदर डोक्यावर ओढून घेतला.

"नको काढू तो कागद."

"आन् घर, मावशी?"

"त्यायच्यासमोर कशी सही करू मी?"

मग अंग चोरून त्या सरकल्या. सरकत सरकत बाकाच्या पार टोकाला गेल्या, शेजारी जागा करून.

"मावशी, मधात—"

बाक जागचा हलला नाही.