एकतीस टक्के वृषाली

सायंकाळी ६.४०. स्पष्टता १०० वरून ३१ टक्के. बदल: वापरणाऱ्याने स्वतः.

सायंकाळी ७.५५. पुन्हा १००.

रोज. सलग सोळा दिवस.

कराडच्या नेत्रकेंद्रात तंत्रज्ञ तेहसीनने ही नोंद पडद्यावर आणली, तेव्हा वृषालीने आधी नवऱ्याकडे पाहिलं, मग भिंतीवरच्या घड्याळाकडे. जयवंत दुकानांच्या पाट्या रंगवायचा. चष्म्याने न सुधारणाऱ्या विकारामुळे सात वर्षं त्याला सगळं धूसर दिसे; मोठी अक्षरं तेवढी जमत. गेल्या महिन्यात त्याच्या डोळ्यांत जुळणी-भिंगं बसवली. फोनवर बोट फिरवलं की त्यांची स्पष्टता कमी-जास्त होई. सुरुवातीला गरगरू नये म्हणून ती सोय.

"काका, मेंदूनं धूसर तेच नीट धरलंय," तेहसीन म्हणाली. "म्हणून आता कडा टोचतात. सलग स्पष्ट बघितलंत तर तीन आठवड्यांत सगळं मवाळ होईल. पण तुम्ही रोज मागं जाताय. ब्रश चुकतोय तो त्यामुळंच. दोन पाट्या परत आल्या ना?"

जयवंतने नुसती मान डोलावली.

"सहा चाळीसला असता कुठं तुम्ही?" वृषालीने विचारलं.

"घरी. तुझ्याबरोबर चहा पितो की."

तेहसीनने पडदा बंद केला.

परतीच्या रिक्षात वृषाली कडेला सरकून बसली.

दुसरी बाई असती तर बरं झालं असतं. तिला नाव असतं, पत्ता असता, तिच्या दारात जाऊन भांडता आलं असतं. ही धूसर बाई तर सात वर्षं वृषालीच्याच साड्या नेसून, तिच्याच खुर्चीत बसली होती. गालावर वांग नसलेली. मान सैल न पडलेली. "तू अजून तशीच आहेस गं." ते सगळं कौतुक हिनं खाल्लं, आणि वृषाली मात्र लाजत राहिली.

कोपऱ्यावरची झेरॉक्सवाली याला शंभर टक्के दिसते. मंडईतली वांगीसुद्धा शंभर टक्के.

घरी.

"एवढी वाईट दिसते मी?"

"वाईट नाही. जास्त दिसतेस. केस न् केस वेगळा, सगळं एकदम अंगावर येतं. तिच्याकडं बघितलं की जरा..."

"तिच्याकडं?"

जयवंतने जीभ चावली.

"कशी आहे हो ती? माझ्यापेक्षा कमी बोलत असेल."

"तूच आहेस ती."

"मग मला समोर बसवून तिला कशाला बोलावता?"

देखभाल करणारी म्हणून भिंगांचं कुलूप वृषालीच्या फोनवर होतं. ते लावलं की स्पष्टता शंभरावर अडकणार. उघडणार फक्त केंद्रात. तिचं बोट कुलपाच्या खुणेवर थांबलं.

"लाव," तो म्हणाला. "पण मी दचकलो तर रुसायचं नाही."

तिने लावलं.

त्याने मान वर केली. त्याची नजर तिच्या कपाळावरून, वांगावरून, मानेवरून सावकाश उतरली. ती हनुवटी वर धरून बसली, हलली नाही. मग त्याच्या पापण्या जवळ आल्या. डोळे किलकिले झाले. अक्षरांचा तोल जोखताना रंगारी असंच बघतात. बारकावे विरतात, आकार तेवढा उरतो. एवढं धूसर करायला कुठलं भिंग लागत नाही, आणि त्याला कुलूपही नाही.

तो वृषालीला नीट बघून घेत होता, की त्या दुसरीला भेटून घेत होता?