सहा महिने तुमचं, सहा महिने आमचं

लिफ्ट तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मधोमध अडकली, तेव्हा माझ्या कडेवर झाड होतं. कडेवर म्हणजे अक्षरशः कडेवर. कुंडी जड, लिफ्टची फरशी ओली, आणि झाड असं की खाली ठेवताना एक फांदी मोडली असती तर दोन क्लबांनी मिळून मला फासावर दिलं असतं.

पाऊण तासाने वरच्या अंगाला दार वीतभर सरकलं आणि फटीतून एक चेहरा डोकावला. पिवळं हेल्मेट, नाकावर ग्रीसचा ठिपका आणि डोळे... डोळ्यांबद्दल नंतर सांगते. माझं चष्म्याचं दुकान आहे. डोळ्यांच्या बाबतीत मी घाई करत नाही.

"झाडाला काही झालं नाही ना?" त्याने विचारलं.

"मी बरी आहे. चौकशीबद्दल आभार."

"तुम्ही बोलताय म्हणजे बऱ्याच आहात. त्याला बोलता येत नाही ना... आधी ते द्या. हळू... कुंडी खालून धरा."

"मला शिकवू नका. मी बोन्साय क्लबची चिटणीस आहे."

"कुठल्या? पुलाच्या अलीकडच्या?"

"हो."

"अरे वा!" तो हसला, आणि ते हसू त्या वीतभर फटीत काही मावेना. "मी पलीकडच्या क्लबचा चिटणीस. कालच झालो. तुम्ही पाचव्या मजल्यावर आमच्या मावशीकडे निघाला होतात ना? झाड ताब्यात घ्यायला मीच येणार होतो. सही कुठे करू?"

"आधी मला बाहेर काढा!" मी ओरडले.

त्याने आधी झाड काढलं. मग मला.

आता हे झाड काय प्रकरण आहे ते सांगायलाच हवं. अकरा वर्षांपूर्वी आमच्या शहरात एकच बोन्साय क्लब होता. तो ज्यांनी सुरू केला ते सर गेले आणि जाताना आपला जुना जुनिपर, म्हणजे हेच झाड, क्लबला देऊन गेले. बोन्सायला एक दर्शनी बाजू असते. कुंडी कशी ठेवायची, फांद्या कुठे वळवायच्या, सगळं त्यावर ठरतं. माझे बाबा म्हणाले, खोडाचं वळण दिसतं ती बाजू समोर. याच्या मावशी म्हणाल्या, वाळलेली पांढरी फांदी दिसते ती. दोघंही आडमुठे. झालं, क्लब फुटला. बाबा अलीकडच्या क्लबचे अध्यक्ष झाले, मावशी पलीकडच्या, आणि झाड सहा महिने तुमचं, सहा महिने आमचं असं ठरलं. ज्याच्याकडे झाड येईल त्याने आधीच्या क्लबने गुंडाळलेली तार काढायची, नवी गुंडाळायची आणि सगळ्या फांद्या आपल्या बाजूला वाकवायच्या. सहा महिन्यांनी पुन्हा उलट.

मला यात काडीचा रस नव्हता. मी चिटणीस झाले कारण वार्षिक सभेला मी दहा मिनिटं उशिरा पोचले, आणि तोवर ठराव मंजूर झाला होता.

महिन्याभराने दोन्ही क्लबांना सभागृहाच्या व्यवस्थापकांचं पत्र आलं. दोन्ही क्लब एका आठवड्याच्या अंतराने आपापलं प्रदर्शन भरवत. गेल्या वर्षी आमच्याकडे एकोणीस माणसं आली. त्यातली अकरा स्वच्छतागृह शोधत होती. व्यवस्थापकांनी सरळच लिहिलं होतं: यंदा किमान तीस झाडं मांडलीत तर ठीक, नाहीतर पुढच्या वर्षापासून ते शनिवार-रविवार फर्निचरच्या सेलला.

आमची दाखवण्याजोगी झाडं पंधरा. त्यांची चौदा. आणि तो जुनिपर, तिसावा. म्हणजे दोन्ही क्लबांनी एकत्र मांडलं तरच.

मी बाबांना पत्र वाचून दाखवलं. ते म्हणाले, "बंद पडलं तर पडलं. त्या बाईंच्या शेजारी मी टेबल लावणार नाही." असं म्हणून ते गच्चीत गेले आणि त्या दिवशी जेवायला आलेच नाहीत. आई गेल्यापासून त्यांना वर्षातले तेच दोन दिवस असतात. चार महिने आधी ते कोट इस्त्रीला देतात. तेव्हा मला बोन्सायचं काही नसलं तरी त्या कोटाचं होतं. प्रदर्शन जगायलाच हवं होतं.

मग दुसऱ्या चिटणिसाशी बोलणं आलं. दोन्ही अध्यक्षांना कळू न देता भेटायचं तर कुठे? तो म्हणाला, "तुमच्या दुकानात येतो. डोळे तपासायला."

आला. खुर्चीत बसवून तक्त्यावरची शेवटची ओळ वाचायला लावली तर घडाघडा म्हणून दाखवली.

"डोळे ठणठणीत आहेत तुमचे."

"पुढच्या आठवड्यात पुन्हा बघू या. खात्री केलेली बरी."

दर आठवड्याला खात्री सुरू झाली. मधूनच फोन वाजायचा, कुठेतरी कोणीतरी अडकलेलं असायचं आणि हा हेल्मेट उचलून पळायचा. परत आला की माझा थंड झालेला चहा पिऊन टाकायचा. वर म्हणायचा, "गार चहाच छान लागतो... तुम्ही करता तो."

"गरम कधी प्यायलात?"

"बसू कुठे देतात लोक?"

नाक मुरडायला मी मागे वळायचे आणि चष्म्याच्या दुकानात भिंतभर आरसे, तिथे ते लपत नाही. तो आरशात बघून हसायचा.

दोघा अध्यक्षांना राजी करताना मात्र आमच्या नाकी नऊ आले. फलकावर आधी कोणाचं नाव? मी म्हटलं, वर्णमालेप्रमाणे लावू. मावशींनी निरोप पाठवला, "वर्णमाला तुमच्या बाजूची आहे." टेबलावरचं कापड हिरवं की करडं, यावर पाच आठवडे गेले. दारापाशी कोण बसणार? दोघंही. मग तिथे एकाच खुर्चीची जागा का? तुझं माझं जमेना, तुझ्यावाचून करमेना! एकदा मी वैतागून वही भिरकावली. त्याने ती उचलली, धूळ झटकली, आणि माझ्या हातात देताना बोटं जराशी... जास्तच वेळ रेंगाळली.

"एवढा राग करता," तो म्हणाला, "आणि पुढच्या आठवड्याची वेळ काही रद्द करत नाही."

"तुमचे डोळे बिघडतील म्हणून," मी म्हणाले. माझे कान तापले होते.

शेवटी सगळं ठरलं. घोडं एकाच ठिकाणी अडलं — जुनिपर मधल्या टेबलावर कोणत्या बाजूने ठेवायचा? ते शेवटच्या दिवशी बघू म्हणून आम्ही पुढे ढकललं.

प्रदर्शनाला बारा दिवस उरले तेव्हा झाड आमच्याकडे यायची पाळी आली. तो सकाळी ते दुकानात ठेवून घाईने निघून गेला. मी पक्कड घेऊन त्यांची तार काढायला बसले आणि माझे हातच थांबले. तार सालीत रुतली होती. फांदीवर खोल चरे पडले होते, खालच्या दोन फांद्या पिवळ्या पडल्या होत्या, आणि मुख्य म्हणजे...

मी त्याला फोन लावला. "असाल तिथून या."

तो धापा टाकत आला. "कोण अडकलं?"

"ही तार माझी आहे."

त्याने हेल्मेट काढून हातात घेतलं.

"प्रत्येकाचा हात वेगळा असतो. मी टोकाशी दीड वळसा जास्त देते. हा बघा. मी गेल्या वर्षी घातलेली तार. तुमच्याकडे सहा महिने झाड होतं, काय केलंत?"

"काही नाही."

"काही नाही?"

"तीनदा बसलो काढायला. पण वाटलं... तुम्ही अख्खा रविवार खपला असाल यावर. एक वळसा नीट नाही म्हणून पुन्हा घातलेला दिसत होता. तोडवेना." तो हेल्मेटच्या पट्ट्याशी चाळा करत राहिला. "झाड माझ्या अंगणात असतं, मावशी कुठे बघायला येतात? कुंडी फिरवली, फोटो काढला आणि पाठवला."

"आणि रुतलेली दिसली नाही?"

"दिसली... पंधरा दिवसांपूर्वी. वाटलं, आता तुमच्याच हाताने निघेल."

माझा तोल सुटला. "अरे, प्रेम करायचं होतं तर माझ्यावर करायचं! तारेवर कशाला?"

मी त्याला पहिल्यांदाच 'अरे' म्हटलं होतं. आणि बाकीचंही म्हटलं होतं.

"तुमच्यावर करायला तुम्ही सवड कुठे देता?" तो हळूच म्हणाला. "आलो की अक्षरं वाचायला लावता."

"पक्कड धर," मी म्हणाले. "फांदी खालून धर. बोलू नकोस."

रुतलेली तार उलगडायची नसते, तुकडे करून काढायची असते. अडीच तास आम्ही एकेक तुकडा काढत होतो. जुनिपरचा तो उग्र हिरवा वास, त्याचा श्वास माझ्या मनगटावर, आणि मी इतकी चिडलेली की डोळ्यांत पाणी. ते पाणी झाडासाठी होतं असं मी त्याला सांगितलं. त्याने मान हलवली आणि खिशातला रुमाल काढून दिला. तोही ग्रीसचा.

संध्याकाळी मी दोघा अध्यक्षांना दुकानात बोलावलं. अकरा वर्षांत पहिल्यांदाच ते एका खोलीत आले. मी मनात ठरवून ठेवलेलं सगळं नीट सांगणार होते, पण दोघांनी झाडाकडे बघितलं आणि एकदम सुरुवात केली.

"तुमच्या लोकांनी—"

"आमच्या? तार तर तुमची दिसते!"

"बास!" मी काउंटरवर हात आपटला, चष्म्याच्या दोन फ्रेमा खाली पडल्या. "वर्षातून दोनदा तुम्ही याची मान पिरगाळताय. एकदा इकडे, एकदा तिकडे. चूक त्याची आहे, माझी आहे, तुमची तर आहेच आहे! मीही मुकाट्याने तार घालत राहिले. आता हे झाड प्रदर्शनात येणार नाही. कुंडीतून काढून जमिनीत लावायचं. चार वर्षं तार नाही, कात्री नाही, कोणाचा हात नाही. नाहीतर ते मरेल."

बाबा स्टुलावर बसले. बराच वेळ त्यांनी झाडाची साल बोटाने चाचपली. मावशींनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला, पुन्हा काढला.

"जमीन कोणाकडे आहे?" बाबांनी शेवटी विचारलं. आमच्याकडे गच्ची, मावशींकडे बाल्कनी.

"माझ्या अंगणात," तो म्हणाला.

"म्हणजे पलीकडे. कायमचं पलीकडे." बाबांनी ओठ चावला, विचार केला. "चालेल. पण एका अटीवर. आमच्या क्लबचं माणूस तिथे हवं. येऊन-जाऊन नाही. कायम."

"कायम?" त्याने विचारलं.

"कायम म्हणजे कायम. देखरेखीला."

मावशींनी भाच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग माझ्या हातातल्या त्या रुमालाकडे. "कबूल," त्या म्हणाल्या.

"इतक्या पटकन?" बाबांना संशय आला.

"मला कोणी विचारलंय का?" मी म्हणाले आणि खाली पडलेल्या फ्रेमा उचलायला वाकले. तोही वाकला.

"मी विचारतोय," काउंटरखालून तो कुजबुजला.

"आत्ता नाही. तिसावं झाड गेलं, त्याचं काय ते आधी बघ. प्रदर्शन पार पडलं तर विचार."

"आणि नाही पडलं तर?"

"तर मी कोणाशीच बोलणार नाही."

तिसावं झाड त्याचंच निघालं. मावशींनीच सांगितलं, "तुझं ते आण की," आणि तो कानापर्यंत लाल झाला. लिफ्टच्या मशीनखोलीतल्या खिडकीत वाढवलेलं फायकस. उजेड एकाच बाजूने, म्हणून झाड सगळं एकीकडे कललेलं. कधी तार घातली नव्हती. याला तार घालवतच नाही, तो भाग निराळा. बाबांनी आणि मावशींनी ते चहूबाजूंनी पाहिलं, आणि अकरा वर्षांत पहिल्यांदा त्यांचं एकमत झालं: इतकं वाईट बोन्साय दोघांनीही जन्मात पाहिलं नव्हतं.

प्रदर्शनाच्या दिवशी व्यवस्थापक वही घेऊन मोजत आले. हिरव्या-करड्या कापडांवरून, कारण शेवटी दोन्ही रंग आलेच होते. सत्तावीस, अठ्ठावीस, एकोणतीस. फायकसपाशी ते थांबले.

"हे... झाड आहे?"

"झाड आहे," मी म्हणाले. इतक्या ठामपणे मी आयुष्यात काही म्हटलं नव्हतं.

"तीस," त्यांनी लिहिलं.

दारापाशी दोन खुर्च्या टाकून बाबा आणि मावशी बसले होते. बाबांचा कोट कडक इस्त्रीचा. आत येणाऱ्या प्रत्येकाला एक म्हणायचं डावीकडून बघा, दुसरं उजवीकडून. लोक हसत आत येत होते, आणि या वेळी झाडांसाठी येत होते. एकशे चाळीस माणसं. स्वच्छतागृहवाले सोडून.

रविवारी संध्याकाळी व्यवस्थापकांनी पुढच्या वर्षाचा अर्ज माझ्यासमोर ठेवला. "क्लब दोन असोत नाहीतर दहा," ते म्हणाले, "पत्ता मात्र एकच लिहा. दोन पत्त्यांवर पत्रं पाठवून मी थकलो."

तो शेजारी उभा होता. त्याने विचारलं नाही. नुसतं पेन पुढे केलं, आणि तेही टोपण न काढता. चौदाव्या मजल्यावरच्या लोखंडी दोरांवर बिनघोर चढणारा माणूस!

मी पत्ता लिहिला. पुलाच्या पलीकडचा, तळमजला, अंगण असलेलं घर.

त्याने वाकून वाचलं. दोनदा वाचलं. "हा तर... माझा पत्ता आहे."

"पुढच्या वर्षापर्यंत आमच्या क्लबचं माणूस तिथे राहायला आलेलं असेल," मी म्हणाले. "बाबांची अट आहे. मोडता येत नाही."

त्याने माझा हात धरला. भर सभागृहात, दोन अध्यक्ष आणि तीस झाडांसमोर. मी सोडवून घेतला नाही... डाव्या हाताने मी अर्जाचा उरलेला रकाना भरला. फोन नंबर मात्र माझाच लिहिला. लिफ्टच्या खड्ड्यात उतरला की याचा कधी लागतो?