झुडपामागचा सूर

पहिल्याच भेटीत मी त्याच्या बाजाच्या पेटीवर लॅपटॉपची बॅग आदळली. चादरीखाली पेटी आहे हे मला काय माहीत!

"डबाही ठेवा की," शनिवार पेठेतल्या त्या तालमीच्या हॉलमध्ये कोपऱ्यातून आवाज आला. "जागा आहे अजून."

हा श्रीधर. दिवसा बँकेत, संध्याकाळी पेटीवर. आणि मी दीपमाला, वारज्याची. हिंजवडीत दिवसभर कोड लिहायचा नि सुटल्यावर नाटकात सुशीलाबाई व्हायचं. सुशीलाबाई म्हणजे जुन्या काळची नटी. मूकपट गाजवले, पण बोलपट आले तेव्हा सगळे म्हणाले, हिचा आवाज कोण ऐकणार? बाईंनी त्याच आवाजावर मैदान मारलं.

मला मात्र श्रीधरकडे बघूनच गाता यायचं. श्वास घ्यायची वेळ झाली की त्याची भुवई उडायची, चुकले की ओठांच्या कोपऱ्यात हसायचा... दुष्ट. मी सुरासाठी बघत होते की डोळ्यांसाठी, माझं मलाच कळेना.

मग बोलपटाचा प्रवेश बसवायला घेतला. त्या काळी कॅमेऱ्यासमोरच गावं लागे आणि पेटीवाला दिसू नये म्हणून त्याला लपवत. तसं आमच्या दिग्दर्शक हेमाताईंनी श्रीधरला पुठ्ठ्याच्या झुडपामागे बसवलं. तो दिसेनासा झाला आणि माझा सूर पार ढेपाळला. हेमाताई सरळ म्हणाल्या, गाणं दुसरीच्या आवाजात रेकॉर्ड करू, तू नुसते ओठ हलव.

सुशीलाबाईंच्या तोंडी उसना आवाज? मला रडूच कोसळलं.

बाहेर स्कूटरपाशी श्रीधर आला. मी म्हटलं, ते झुडूप काढायला सांगा ना...

"झुडूप राहील. बाईंनाही पेटीवाला दिसत नव्हता."

"तुम्ही दिसला नाहीत तर मला काही सुचत नाही."

बोलून गेले नि जीभ चावली. तो हेल्मेटच्या पट्ट्याशी खेळत राहिला.

"गाणं सुचत नाही, की —"

"गाणं. फक्त गाणं."

"मग उद्यापासून माझ्याकडे पाठ करून बसा."

पाठीला पाठ लावून आम्ही रोज तालीम केली. त्याची पाठ उबदार होती आणि अभ्यास अवघड. त्याने हेमाताईंकडून एक संधी मिळवली, पण अट अशी की प्रयोगात पहिली ओळ घसरली की दुसरीचं रेकॉर्डिंग सुरू.

प्रयोगाला थिएटर भरलेलं. झुडपामागून सूर आला. मी डोळे मिटले, आणि गायले. पहिली ओळ, दुसरी, अंतरा... आवाज माझा होता, अगदी माझा! संपलं तेव्हा टाळ्या आणि मागच्या रांगेतून आरोळी, "वन्स मोअर!"

त्या गोंगाटात मी फूल खुडायचं नाटक करत झुडपाशी वाकले.

"अहो, आता गायला तुमची गरज नाही मला."

"ऐकलं मी," तो हळूच म्हणाला.

"म्हणूनच आता सांगते. मला तुम्ही आवडता."

पेटीचा भाता थांबला. मग तो म्हणाला, "लपून बसून हो म्हणणं बरं दिसत नाही."

आणि हा पुण्याचा शहाणा पेटी उचलून सगळ्यांसमोर बाहेर आला, मांडी घालून बसला! लोकांनी थिएटर डोक्यावर घेतलं. विंगेतून हेमाताई कपाळाला हात लावून हसत होत्या.

मी पुन्हा पहिल्यापासून गायले, त्याच्याकडे बघत. आता गरज नव्हती. मला बघायचं होतं.